ॲसिड, लाय आणि सॉल्व्हंटचे टँकर: अनलोडिंगची साधनं निवडताना

तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ, पाताळगंगा. कुठल्याही एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्याच्या गेटवर चार प्रकारचे टँकर हमखास दिसतात: ९८ टक्के सल्फ्युरिक, ३० ते ३३ टक्के एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), ४८ टक्के कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि टोल्यूइन किंवा मिथेनॉलसारखं एखादं सॉल्व्हंट. कारखान्यातल्या बाकीच्या पाइपलाइनी एकदा जोडल्या की वर्षानुवर्षं तशाच राहतात. टँकर आणि लाइन यांच्यामधला सांधा मात्र प्रत्येक खेपेला हाताने जोडला जातो आणि हातानेच सोडला जातो. साधनं निवडायची ती हा सांधा डोळ्यांपुढे ठेवून. तो जोडणारा माणूस रात्रपाळीचा असेल, पावसात भिजलेला असेल, घाईत असेल, हे गृहीत धरूनच खरेदीची यादी करावी.

हा लेख नव्याने स्टोअर, प्रोजेक्ट किंवा प्रॉडक्शनमध्ये आलेल्यांसाठी आहे.

पायरी १: रसायन आणि त्याचं प्रमाण कागदावर लिहा

"ॲसिड" एवढ्या शब्दावर काहीही मागवू नका. नाव, टक्केवारी, घनता, तापमान आणि यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), एवढं तरी हवं. ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता १.८४, यूएन १८३०. ३० ते ३३ टक्के एचसीएलची १.१५ ते १.१६, यूएन १७८९. ४८ टक्के लायची १.५ च्या आसपास, यूएन १८२४. टोल्यूइन पाण्यापेक्षा हलकं, ०.८७, यूएन १२९४, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेट घेण्याच्या तयारीतच असतं.

घनतेचा पहिला फटका टाकीला बसतो. पाण्याच्या हिशेबाने बनवलेल्या एचडीपीई (एक जाड प्लास्टिक) टाकीत लाय भरली की तळाशी दीडपट दाब येतो. टाकी लगेच फुटत नाही. खालच्या भागात पोट सुटतं आणि काही महिन्यांनी नोझलच्या वेल्डला चीर जाते. म्हणून टाकीच्या ऑर्डरमध्ये क्षमतेइतकीच घनताही ठळक लिहावी.

लायच्या बाबतीत तापमानही पाहावं लागतं. ४८ ते ५० टक्के लाय साधारण १० ते १२ अंशांना गोठायला लागते. कोकणात याची चिंता नाही. नाशिक किंवा पुणे जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र उघड्यावरची लाइन चोंदू शकते. तिथे लाइनला उतार हवा, म्हणजे ती पूर्ण रिकामी होईल. शिवाय हीट ट्रेसिंग आणि इन्सुलेशनही लागेल.

पायरी २: कशाला काय चालतं

९८ टक्के सल्फ्युरिक साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील) राहतं, कारण पोलादावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच पुढची झीज अडवतो. हा थर दोन गोष्टींनी जातो: वेगाने आणि पाण्याने. ॲसिड पातळ झालं की तेच पोलाद झपाट्याने खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. रिकाम्या ॲसिड टाकीवर किंवा लाइनवर वेल्डिंग करताना स्फोट होतात ते या हायड्रोजनमुळे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या लाइनच्या तोंडातून दोन ग्लास पाणी आत गेलं तरी नेमकं हेच सुरू होतं. प्रत्येक तोंडाला साखळीने बांधलेलं झाकण हवं ते यासाठी. पॉलिप्रॉपिलीन ९८ टक्के सल्फ्युरिकला वापरू नये, ते ठिसूळ होतं.

एचसीएलला धातू जवळजवळ बादच. एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) सुद्धा नाही. "एसएस आहे, काही होत नाही" हे वाक्य नवीन माणसाला हमखास ऐकायला मिळतं आणि एचसीएलच्या बाबतीत ते साफ चूक आहे. रबर लायनिंग केलेलं एमएस, एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक), एचडीपीई, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीव्हीडीएफ (फ्लोरिनयुक्त प्लास्टिक) किंवा टेफ्लॉन लायनिंग, यांतून निवडा.

लायला एमएस साधारण तापमानाला चालतं, एसएसही चालतं. ॲल्युमिनियम आणि जस्त मात्र अजिबात नाही. लाय दोन्ही विरघळवते आणि हायड्रोजन सोडते. यातली फसगत कपलिंगमध्ये होते. बाजारात मिळणारे स्वस्त कॅमलॉक (दोन कान दाबून बंद होणारी कपलिंग) पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असतात आणि पॉलिश केले की एसएससारखेच चकचकतात. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा उपयोगाची नाही. हातात घेऊन बघा: त्याच मापाचं ॲल्युमिनियमचं कपलिंग एसएसच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं लागतं.

गॅस्केट, ओ-रिंग आणि सील हा सर्वांत दुर्लक्षित भाग. विटॉन (एक कृत्रिम रबर) तीव्र सल्फ्युरिक आणि टोल्यूइनला उत्तम, पण लायमध्ये खराब होतं आणि मिथेनॉलमध्ये नेहमीच्या प्रतीचं विटॉन फुगतं. ईपीडीएम (दुसरं एक कृत्रिम रबर) लाय आणि मिथेनॉलला चांगलं, पण टोल्यूइनमध्ये फुगून बसतं आणि ९८ टक्के सल्फ्युरिकमध्ये टिकत नाही. टेफ्लॉन या सगळ्यांना चालतं, पण ते रबरासारखं परत उसळत नाही. त्यामुळे टेफ्लॉन गॅस्केटचा फ्लँज काही वेळ वापरल्यावर पुन्हा आवळावा लागतो, तोही लाइनमध्ये दाब नसताना. चारही रसायनांना एकच ओ-रिंग चालेल असं जो विक्रेता सांगतो, त्याच्याकडून ते लेखी घ्या.

धातू नजरेने ओळखण्याची सवय किती महागात पडते, याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं आहे. १४ ऑगस्ट २००२ रोजी फेस्टस येथे क्लोरीनची रेल्वे टँकर रिकामी करताना होज (लवचीक नळी) फाटला आणि सुमारे २२ टन क्लोरीन बाहेर पडला. होजवरची विणलेली जाळी हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूची असायला हवी होती. प्रत्यक्षात ती एसएस ३१६ एल ची होती. दोन्ही जाळ्या दिसायला सारख्याच. त्यात आपत्कालीन बंद होणारे वॉल्व्हही पूर्ण बंद झाले नाहीत. म्हणून महत्त्वाच्या धातूच्या भागांची मिश्रधातू तपासणी, म्हणजे पीएमआय, माल उतरवून घेतानाच करून घ्यावी. हातात धरायच्या यंत्राने ती काही सेकंदांत होते.

पायरी ३: लाइनचा व्यास आणि पंप

सल्फ्युरिकसाठी एमएस लाइनमध्ये वेग सेकंदाला ०.९ मीटरच्या आत ठेवा, नाहीतर तो संरक्षक थर घासून जातो, विशेषतः एल्बो आणि वॉल्व्हच्या पुढे. आता हिशेब करू. २० टन ॲसिड म्हणजे जेमतेम ११ घनमीटर. ५० मिमी लाइनमध्ये ०.९ मीटर वेगाने तासाला साडेसहा घनमीटरच्या आत जातं, म्हणजे टँकर रिकामा व्हायला पावणेदोन तास. ८० मिमी लाइनमध्ये तासाला १६ घनमीटर, म्हणजे चाळीस मिनिटं. ५० मिमीची लाइन टाकली की ऑपरेटर कंटाळतो, वॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि दोन वर्षांत एल्बोला भोक पडतं. ८० मिमीच घ्या.

पंप घेताना कॅटलॉगमधला वक्र पाण्याचा असतो हे विसरू नका. तासाला १५ घनमीटर, १५ मीटर हेड (पंपाने द्रव चढवायची उंची) आणि ५० टक्के कार्यक्षमता धरली, तर पाण्याला सव्वा किलोवॅट पुरेल. त्यावरून कुणी २ एचपीची मोटर घेतो. सल्फ्युरिकला त्याच कामासाठी सव्वादोन किलोवॅट लागतात. २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, ती मोटर पहिल्याच दिवशी ट्रिप होणार. इथे ५ एचपी घ्यावी. दाबाचंही तसंच: १५ मीटर हेडला पाण्याचा दाब दीड बार, सल्फ्युरिकचा पावणेतीन. होज आणि गेज त्या हिशेबाने हवेत.

शोषणाकडेही बघा. वातावरणाचा दाब पाणी सैद्धांतिकदृष्ट्या १०.३ मीटर उचलतो, सल्फ्युरिक फक्त ५.६ मीटर. प्रत्यक्षात यातलं बरंच घर्षणात जातं. म्हणून पंप टँकरच्या आउटलेटच्या खालच्या पातळीवर आणि जवळ बसवावा. सक्शन लाइन डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठी ठेवावी.

एचसीएल आणि सॉल्व्हंटसाठी मॅग्नेटिक ड्राइव्हचा, सील नसलेला पंप सर्वांत सोयीचा. त्याचा शत्रू एकच: कोरडं चालणं. टँकर रिकामा होताना तो हमखास कोरडा पडतो आणि आतली बेअरिंग तापून तडकतात. ड्राय रन प्रोटेक्शन, म्हणजे मोटरचा भार कमी झाल्यावर पंप बंद करणारा रिले, पंपाबरोबरच मागवा. त्याची किंमत पंपाच्या मानाने किरकोळ असते.

हवेचा दाब देऊन टँकर रिकामा करण्याची पद्धत अजूनही दिसते. टँकर त्या दाबासाठी बांधलेला आणि तपासलेला असल्याचा कागद नसेल तर ती करू नये. सॉल्व्हंटला तर हवा देणं म्हणजे स्फोटक मिश्रण तयार करणं. तिथे दाब द्यायचाच तर नायट्रोजनचा.

पायरी ४: होज, कपलिंग आणि लोडिंग आर्म

अपघात बहुतेक इथेच होतात, म्हणून पैसे इथे घालावेत. रसायनांच्या होजसाठी ईएन १२११५ हे मानक मागा. साधारणपणे आतला थर यूएचएमडब्ल्यूपीई (एक चिवट पॉलिइथिलीन) किंवा टेफ्लॉनचा असेल तर या चारही रसायनांना तो चालतो, तरी उत्पादकाच्या तक्त्यात टक्केवारी आणि तापमान जुळवून पाहा. पाण्याचा हिरवा सक्शन पाइप क्लिप मारून ॲसिडला वापरणं कुठल्याही अडचणीत मान्य करू नका.

होजवर बघायच्या गोष्टी: कामाचा दाब, उत्पादनाचं वर्ष, सक्शनला चालतो का, आणि सॉल्व्हंटसाठी असेल तर विद्युतवाहकतेची खूण. ईएन १२११५ मध्ये एम म्हणजे तारेने जोडलेला होज आणि ओहमचं चिन्ह म्हणजे वाहक रबराचा होज. होजची लांबी मोजताना सरळ अंतर धरू नका. टँकर दरवेळी हातभर पुढेमागे उभा राहतो, आणि होज किमान वाकण्याच्या त्रिज्येपेक्षा जास्त वळला की कपलिंगच्या मागेच त्याला कंगोरा पडतो. नंतर फाटतो तो तिथेच. होजची टोकं उत्पादकानेच क्रिम्प करून, दाबचाचणी करून दिलेली असावीत. जुबली क्लिपवर ॲसिड सोडू नये.

कॅमलॉक झटपट जोडला जातो, तसाच झटपट सुटतोही. होज हलला, कान एखाद्या गजाला अडकला की तो उघडतो. म्हणून कान बंद झाल्यावर आपोआप अडकणारा, सेफ्टी लॉक असलेला प्रकारच घ्या, किंवा दोन्ही कानांना पिन घाला. सल्फ्युरिकला आमची पसंती बोल्टच्या फ्लँजला आहे, त्यावर टेफ्लॉनचं फ्लँज गार्ड. गळती झाली तर फवारा माणसाच्या तोंडावर न उडता खाली ठिबकतो. सॉल्व्हंटला ड्राय डिस्कनेक्ट कपलिंग महाग असलं तरी घ्यावं. होज सोडताना सांडणारं अर्धा लिटर टोल्यूइनही आग लावायला पुरेसं आहे.

दिवसाला बरेच टँकर होत असतील तर होजऐवजी स्विव्हल जॉइंटचा लोडिंग आर्म परवडतो. तो जमिनीवर घासत नाही, त्यावरून चाक जात नाही आणि त्याचा समतोल स्प्रिंगवर असल्याने पाठही मोडत नाही. आठवड्याला एक टँकर येणाऱ्या कारखान्याला चांगला होज आणि तो टांगायला योग्य स्टँड पुरे.

पायरी ५: चुकीच्या टाकीत माल जाऊच नये

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन येथे सल्फ्युरिकचा टँकर सोडियम हायपोक्लोराइटच्या (हायपो) लाइनला जोडला गेला. दोन्ही तोंडं एकमेकांपासून १८ इंचांवर होती आणि हायपोच्या तोंडालाही कुलूप नव्हतं. क्लोरीनचा ढग गावावर पसरला आणि १४० पेक्षा जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. आपल्याकडे ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) मागे एचसीएल आणि हायपोच्या टाक्या शेजारी शेजारी असतात, तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नका.

उपाय साधनांतच आहे. प्रत्येक रसायनाच्या तोंडाला वेगळं माप किंवा वेगळा प्रकार द्या: सल्फ्युरिकला ८० मिमी फ्लँज, एचसीएलला ५० मिमी कॅमलॉक, लायला ८० मिमी कॅमलॉक आणि हायपोला आणखी वेगळं. अडॅप्टर कुणाच्याही हाताला लागू देऊ नका. प्रत्येक तोंडाला कुलूप आणि किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. शक्य असेल तर ॲसिड आणि हायपो उतरवण्याच्या जागाच वेगळ्या, इमारतीच्या दोन बाजूंना ठेवा.

आणि एक हायड्रोमीटर घ्या. टँकरच्या नमुन्यात बुडवला की १.८४, १.५ किंवा १.१६ हे आकडे लगेच दिसतात. हायपो आणि एचसीएलची घनता जवळपास येते, म्हणून त्या दोघांसाठी पीएच कागद सोबत हवाच. चलनावरचं नाव, टँकरवरच्या पॅनेलवरचा यूएन क्रमांक (हा पॅनेल केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे लागतो) आणि नमुना, तिन्ही जुळल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही.

पायरी ६: व्हेंट

बंद झाकणाने टँकर उपसला तर तो आत चेपतो. टाकीचा व्हेंट (हवा आत-बाहेर जायची वाट) लहान असेल तर टाकी फुगते. व्हेंट निदान भरण्याच्या लाइनइतका तरी मोठा हवा. पण त्यातही एक मेख आहे. हवेच्या दाबाने टँकर रिकामा करताना शेवटचं द्रव संपलं की सगळी हवा एकदम टाकीत घुसते, आणि एफआरपी किंवा एचडीपीई टाकीचं छत तेवढा दाब सोसत नाही. एचसीएलचा व्हेंट स्क्रबरला (वाफा धुऊन घेणारं यंत्र) जोडलेला असतो, त्यामुळे स्क्रबरचा पाण्याचा सील किंवा पॅकिंग चोंदलं की वाटच बंद. टाकीवर स्वतंत्र आपत्कालीन व्हेंट आणि स्क्रबरच्या आधी साधं यू-ट्यूब मॅनोमीटर बसवा.

टाकीत जागा किती हे पातळी मोजून आधी लिहावं. काचेच्या नळीचा लेव्हल इंडिकेटर ॲसिड टाकीवर नको, नळी तुटली की टाकीच रिकामी होते. नेहमीच्या ट्रान्समीटरखेरीज वेगळा हाय लेव्हल स्विच घ्या, जो पंप थेट बंद करेल.

पायरी ७: सॉल्व्हंट असेल तर

टोल्यूइन विजेचं दुर्वाहक आहे. वाहताना त्यात साठलेला भार निघून जायला वेळ लागतो. अर्थिंगचा क्लॅम्प दातेरी हवा, जो रंगाचा थर फोडून धातूला टेकेल, आणि टँकर ते अर्थ असा विरोध १० ओहमच्या आत. त्याहून चांगलं म्हणजे अर्थ रिले: जोडणी पक्की नसेल तर पंप सुरूच होत नाही. क्लॅम्प झाकण उघडण्याआधी लावायचा आणि सगळ्यात शेवटी काढायचा.

भरणारा पाइप टाकीच्या तळापर्यंत जावा. त्याचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे ५० मिमी लाइनला तासाला ७ घनमीटर आणि ८० मिमीला १८. बारीक गाळणी असेल तर तिच्यापुढे द्रवाला टाकीत पोचायला किमान ३० सेकंद मिळतील एवढी लाइन ठेवा, कारण सर्वांत जास्त भार गाळणीतच तयार होतो. मोटर, दिवे, स्विच सगळं फ्लेमप्रूफ. टोल्यूइन आणि तत्सम मालाच्या साठ्याला पेट्रोलियम नियम २००२ लागू होतात. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मंजुरी ही साधनं मागवण्याआधी बघायची गोष्ट आहे, नंतर नाही.

पायरी ८: माणसासाठी

टँकरच्या माथ्यावर चढायचं असेल तर घडीचा जिना आणि चारही बाजूंनी कठडा असलेला प्लॅटफॉर्म घ्या. चाकांना लाकडी ठोकळे नकोत, रबरी चोक घ्या, आणि ट्रकची किल्ली अनलोडिंग संपेपर्यंत बोर्डावर टांगलेली असावी.

शॉवर आणि आयवॉश १० सेकंदांत पोचता येईल इतक्या जवळ, वाटेत पायरी किंवा कठडा नसलेला. १५ मिनिटं, मिनिटाला ७६ लिटर, म्हणजे साडेअकराशे लिटर पाणी त्याच्या वाट्याचं राखीव हवं. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी अंग भाजेल इतकं तापतं, आणि ३८ अंशांच्या वर गेलेल्या पाण्याखाली जखमी माणूस पंधरा मिनिटं उभाच राहत नाही. टाकी सावलीत, लाइन इन्सुलेशनखाली, आणि दर आठवड्याला पाणी सोडून हाताने तापमान बघायचं.

फेस शील्डच्या आत गॉगल, पीव्हीसीचा सूट, पँट गमबुटाच्या बाहेर. सुती कपडा सल्फ्युरिकने जळतो. टोल्यूइनला नायट्राइलचे हातमोजे फार वेळ टिकत नाहीत, विटॉनचे घ्या. खाली ॲसिडप्रूफ विटांची फरशी, तिला खड्ड्याकडे उतार, आणि टाकीभोवतीचा डाइक (सांडलेला माल अडवणारा बांध) सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के क्षमतेचा. सांडलेल्या सल्फ्युरिकवर पाण्याचा पाइप धरू नका. वाळूने अडवा आणि सोडा ॲश टाका. अंगावर उडालं तर मात्र ताबडतोब भरपूर पाणी, दुसरं काही नाही.

बंद करण्याचं बटण दोन ठिकाणी: एक पंपाजवळ, दुसरं बाहेर पडण्याच्या वाटेवर किमान १० मीटर लांब. ते दाबल्यावर पंप थांबायला हवा आणि वॉल्व्ह हवा किंवा वीज गेली तरी आपोआप बंद होणारा हवा.

पायरी ९: जोडणी आणि सोडणी

टँकरच्या आउटलेटचा ब्लँक (तोंड बंद करणारी चकती) काढताना वॉल्व्ह आणि ब्लँक यांच्या मधे अडकलेला माल असतोच. आपल्यापासून सर्वांत लांबचा खालचा बोल्ट आधी ढिला करा, थेंब येऊ द्या, मग जवळचे. खाली एचडीपीईची बादली. होज जोडल्यावर टँकरचा वॉल्व्ह आधी पाव भाग उघडा, प्रत्येक सांध्याकडे एक मिनिट बघा, मगच पंप. संपल्यावर पंप बंद, टँकरचा वॉल्व्ह बंद, होजमधला माल उतारावरून किंवा नायट्रोजनने काढून टाका. दाब शून्य झाल्याचं गेजवर बघूनच होज सोडा.

प्रत्येक होजला क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावा आणि रजिस्टरमध्ये त्याचं रसायन, बसवल्याची तारीख आणि वर्षातून एकदा कामाच्या दाबाच्या दीडपट पाण्याने केलेली चाचणी लिहा. एका रसायनाचा होज दुसऱ्याला वापरायचा नाही, धुतला तरी. कपलिंगमागे फुगवटा, दिसणारी जाळी किंवा मऊ पडलेला भाग आढळला की होजचे दोन तुकडे करूनच भंगारात टाका. अखंड टाकला तर तो कुणीतरी पुन्हा उचलून जोडतो. स्टोअरमध्ये प्रत्येक रसायनाचा एक तपासलेला होज, गॅस्केटचे दोन संच आणि पंपाचा एक सील कायम शिल्लक ठेवा, म्हणजे टँकर गेटवर उभा असताना कुणाला जुगाड शोधावा लागणार नाही.